बिशपच्या वाटणीची वाम

संत गालचा दिवस

वैद्याने बजावलं आहे की रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा, म्हणजे पोट कशाने बिघडतं ते कळेल. माझं पोट वैद्यांमुळे बिघडतं हे मला आधीपासून माहीत आहे, पण म्हातारा हट्टाला पेटला, म्हणून लिहितो.

मी एकबेर्ट, हार्टेनएकच्या सरदार घराण्यातलं शेंडेफळ, वाल्मश्टाटचा बिशप. आमच्या घराण्याची रीत अशी की थोरल्याला गढी, मधल्याला घोडा आणि धाकट्याला देव. देव मला फारसा झेपला नाही, पण त्याचं स्वयंपाकघर उत्तम आहे.

आज सकाळी पांढरा पाव, अंडी, हंसाच्या चरबीत परतलेला कांदा. दुपारी वाम मासे, शेपू घालून.

या वाम माशांची हकीकत लिहायला हवी. नदीच्या बंधाऱ्यात जे सापडेल ते बिशपच्या स्वयंपाकघराचं, हा इथला जुना कायदा. बंधाऱ्याला लागून डिटविनची पाणचक्की आहे. या गाढवाने बंधाऱ्यात टोपली लावली आणि वाम धरताना सापडला. न्यायाधीशाने कायद्याप्रमाणे फाशी सांगितली, पुढल्या महिन्यात मार्टिनचा सण झाला की द्यायची. पुरावा म्हणून मासे पिंपात घालून माझ्याकडे पाठवले. माझा म्हातारा नोकर हानो पिंपात डोकावून म्हणाला, "सरकार, पुरावा मरायला टेकलाय. उद्या वास सुटेल."

मग काय करणार? पुरावा शिजवला.

डिटविनची बायको मेख्टिल्ड माफीचा कागद लिहवून घेऊन आली होती. त्यावर फक्त माझी मुद्रा उठायची राहिली आहे. बाई दारात उभी, तोंडाचा पट्टा चालूच. माफी मी देणारच आहे. माशापायी माणूस कोणी टांगतं का? पण मुद्रा उठवायची म्हणजे पेटी काढा, लाख तापवा, टेबलावर ओणवं व्हा. भरल्या पोटी मला वाकवत नाही. उद्या करू.

ल्यूकचा दिवस

काही खाल्लं नाही. मी मेलो आहे.

झालं ते असं. पुरावा बाधला. त्याच रात्री जेवून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवा झालो. वैद्याने नाकाखाली पीस धरलं, ते हललं नाही. माझं नाक आठवडाभर चोंदलेलं आहे, हे त्याच माणसाने मला सांगितलं होतं. पण प्रसंगी विद्या आठवत नाही म्हणतात तेच खरं.

बिशप वारला की धर्ममंडळाचा प्रमुख साक्षीदारांसमोर त्याची मुद्रा हातोड्याने फोडतो, म्हणजे मेलेल्याच्या नावाने कोणी खोटे हुकूम काढू नयेत. आमचा मंडळप्रमुख फोल्कमार कामाला वाघ. वैद्याने पीस खाली ठेवायच्या आत त्याने हातोडा घातला. लगेच घंटा वाजल्या. मला जाग आली ती घंटांनीच. शेजारच्या खोलीत मंडळी पेल्यावर पेला आपटत होती आणि कोणीतरी मोठ्याने हसत होतं. दुःखात माणसाला भान राहत नाही.

मी आत गेलो तसे सगळ्यांनी पेले खाली ठेवले.

"फोल्कमार, मी जिवंत आहे," मी म्हणालो.

"दिसतंय, महाराज," तो म्हणाला. "पण मुद्रा फुटली."

"मग नवी घडवा."

"नवी घडवायला बिशपचा हुकूम लागतो. हुकमावर मुद्रा लागते."

"अरे, पण मग मी कोण?"

फोल्कमारने छातीवर क्रूस काढला. "आपण स्वर्गवासी आहात, महाराज. फक्त अजून निघाला नाहीत."

माणूस विद्वान आहे, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, ते राहू दे, निदान त्या चक्कीवाल्याचा कागद तरी मार्गी लावा. तर म्हणाला, मेलेल्याला माफी देता येत नाही. आणि नवा बिशप मार्टिनच्या सणाच्या आत गादीवर बसून पहिल्याच दिवशी चोर सोडील, असं काही वाटत नाही.

माझ्या दाराबाहेर एबरहागच्या मठाचा एक साधू बसला आहे. आमच्याकडे बिशपचं शरीर कॅथेड्रलला जातं आणि काळीज एबरहागला. साधूच्या मांडीवर काचेची बरणी आहे. मला पाहून तो अदबीने उठला, बरणी बाहीने पुसली आणि परत बसला.

सायमन आणि ज्यूड यांचा दिवस

एक वाळका पाव, तोही हानोने बाहीत लपवून आणलेला. बिशप गेला की त्याच्या स्वयंपाकघरातला विस्तव विझवतात, नवा येईपर्यंत चूल पेटत नाही. मेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. उपाशी मेल्याचं वाटतं आहे.

थोरला भाऊ रूपरेख्ट आला. काळा झगा, डोळे सुजलेले. मला मिठी मारून हुंदके देऊ लागला.

"एकबेर्ट, किती लवकर गेलास रे!"

"दादा, मी इथेच आहे."

"म्हणून तर जास्त वाईट वाटतं," तो म्हणाला.

सोबत पुतण्या आन्सेल्म होता. चांगला दाढीमिशांचा घोडा झाला आहे. माझा बिशपचा टोप डोक्यावर घालून आरशात बघत होता. काकाची आठवण म्हणून असेल. कानांपाशी थोडा घट्ट होतो म्हणाला, तर फोल्कमारने लगेच शिंप्याला बोलावलं. घरच्या माणसांची फोल्कमार फार काळजी घेतो.

मग तिघांनी मला बसवून उपाय सांगितला. आधी वाटलं, यांना वेड लागलं आहे. पण विचार केला तसा तो पटू लागला. मला पुन्हा जिवंत करायचं तर पुन्हा बिशप निवडायला हवं. निवडणूक व्हायची तर गादी रिकामी हवी. जुन्या बिशपला पुरल्याशिवाय गादी रिकामी होत नाही. तेव्हा आधी मला रीतसर पुरायचं, मग मला रीतसर निवडायचं.

"खरोखर पुरणार का?" मी विचारलं.

"छे, महाराज! पेटीत वाळूची पोती. आपण फक्त दर्शनाला बसायचं."

"आणि नंतर मलाच निवडाल ना?"

फोल्कमार माझ्या भावाकडे बघून म्हणाला, "निवडून निवडून आम्ही दुसऱ्या कोणाला निवडणार, महाराज? आपल्याच घराण्यातला माणूस हवा."

बरं वाटलं. माफीचा कागद त्यानंतर पहिल्या झटक्यात मार्गी लावायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. डिटविनला तोवर धीर धरायला सांगा, असा निरोप, पाठवणाऱ्याचं नाव न सांगता, हानोबरोबर बुरुजातल्या तुरुंगात पाठवला. हानो परत येऊन म्हणाला, "सरकार, तो विचारतो की सण आधी येतो का निवडणूक?"

मी फोल्कमारला विचारलं. तो म्हणाला, निवडणूक देवाच्या हाती आहे. सण पंचांगातला आहे.

सर्व संतांचा दिवस

पाणी. मेलेला माणूस फुगीर दिसू नये म्हणून पाव बंद.

आज सराव झाला. आमच्या कॅथेड्रलमध्ये मेलेल्या बिशपला झोपवत नाहीत, खुर्चीवर बसवतात. अंगात जरीचा झगा, डोक्यावर टोप, हातमोजे, उजव्या हातात धर्मदंड. हनुवटी पडू नये म्हणून खालून पट्टा आणि मागे पाठीला लोखंडी सळई. चेहऱ्याला पीठ आणि राख चोपडली. आरशात पाहिलं तर घराण्याची नाकं काय असतात ते दिसलं. आयुष्यात मी इतका भारदस्त कधी दिसलो नव्हतो.

फोल्कमार म्हणाला, "महाराज, आपण जन्मभर याच्याचसाठी होता."

दंड हातात धरून बसवेना, तेव्हा तो चामड्याच्या वादीने मनगटाला करकचून बांधला. मी म्हटलं, थोडं सैल करा. फोल्कमार म्हणाला, तेवढं मात्र चालणार नाही.

का ते हानोने नंतर सांगितलं. सगळ्यांचं दर्शन झालं की शेवटी बुरुजातले फाशीचे कैदी खुर्चीपुढून नेतात. मेलेल्या बिशपचा दंड ज्याच्या अंगावर पडेल त्याला देवाने माफ केलं असं मानतात. ती माफी कोणालाही मोडता येत नाही, खुद्द बादशहालाही नाही.

"मग आजवर किती सुटले?" मी विचारलं.

"कोण सुटतोय, सरकार? ती वादी कशाला असते मग? आधीच्या दोन बिशपांना मीच बांधलीय. गाठ अशी मारलीय की स्वर्गातून सोडवायला आले तरी सुटणार नाही."

सर्व मृतांचा दिवस

आज घडलं ते नीट लिहायला हवं. वादीने मनगट सुजलं आहे.

सकाळपासून मी बसलो होतो. उदाचा धूर, मेणबत्त्या, थंडगार फरशी. हळूहळू गाव लोटलं. जिवंतपणी माझ्या प्रवचनाला एवढी माणसं कधी आली नाहीत, आली तरी झोपली. आज सगळी टक्क जागी होती.

लोक मेलेल्याबद्दल चांगलं बोलतात असं ऐकून होतो. बेकर म्हणाला, "चेहरा बघ, आता कुठे शहाणा दिसतोय." चांभार म्हणाला, "वाईट नव्हता रे. काहीच नव्हता." एक म्हातारी मात्र खूप रडली. मला भरून आलं. मग तिने शेजारणीला विचारलं, "हा कोणता गं?"

आणि मग मेख्टिल्ड आली. हातात तोच कागद, घड्या पडून चुरगळलेला. बाकीचे गुडघे टेकून पुढे सरकत होते. ही सरळ उभी राहिली.

"मेल्या," ती मला म्हणाली. "आता तरी खरोखर मेलास. तुझ्या पोटात माझ्या नवऱ्याची वाम आहे. चक्कीचा पाट तुंबला की तिथे वाम अडकतात, काढल्या नाहीत तर चाक फिरत नाही. चाक फिरलं नाही तर तुझा पांढरा पाव कुठून आला असता रे? एवढं सांगायला मी दारात उभी होते, आणि तू आत काटे चोखत होतास. मला ऐकू येत होतं!"

फोल्कमारचे लोक तिला ओढायला धावले. तिने तो कागद माझ्या मांडीवर टाकला आणि रडू लागली. मोठ्याने नाही, तोंडात पदर कोंबून.

मला लाज वाटली. मला वाटायचं, लाज वाटली की माणूस लाल होतो, पण मी पिठाखाली बसलो होतो, कोणाला काय दिसणार? मी तेव्हा ओणवा झालो असतो तर ही बाई आज इथे नसती. तेवढं ओणवं व्हायचं होतं. नेमकं त्याच क्षणी माझं पोट गुरगुरलं.

मेख्टिल्डने तोंडातला पदर काढला. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी श्वास धरून ठेवला. तिने डोळे पुसले आणि बाजूला खांबाशी जाऊन उभी राहिली, पण माझ्यावरची नजर काढली नाही.

शेवटी कैदी आणले. या खेपेला एकटा डिटविनच होता. पायात साखळी, दाढी वाढलेली, बुटकासा माणूस. इतक्या दिवसांत मी त्याला पाहिलंही नव्हतं. माझ्यासमोर आला आणि त्याने टोपी काढली. त्याने माझ्यासाठी टोपी काढली!

मी बोटं सोडली. दंड हलला नाही. मनगट झटकलं, तरी वादी सुटेना. शिपायाने डिटविनला पुढे ढकललं. दोन पावलांत तो गेला असता.

दंड एकटा पडणार नाही असं दिसलं, तेव्हा मी दंडाबरोबर पडलो.

पाठीची सळई मोडली. दंड, टोप, झगा, खुर्ची आणि जन्मभर चरबीत परतलेलं खाऊन वाढवलेला मी, असे सगळे डिटविनवर कोसळलो. तो खाली, मी वर. कॅथेड्रलमध्ये जी किंकाळी उठली तिने घंटाही थरारल्या असतील. बायका बेशुद्ध पडल्या, चांभाराने पळताना जोडे मागे टाकले. कोणीतरी ओरडलं, "देवाने उचलून टाकला! वादीसकट उचलून टाकला!"

डिटविन माझ्याखालून हळूच म्हणाला, "महाराज, दंड लागला बरं का मला. बरगडीत लागला."

मी मेलेला असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

दुसरा दिवस

अर्धी कोंबडी! हानोने कुठून आणली विचारलं नाही.

डिटविन सुटला. गाव त्याच्या अंगाला हात लावायला रांगेत उभं आहे.

फोल्कमार आला. चेहरा पांढराफटक, माझ्यापेक्षाही पांढरा. म्हणाला, "महाराज, आता एकदा सरळ ठरवू. आपण जिवंत आहात असं म्हणालात, तर काल दंड टाकला तो जिवंत माणसाने. जिवंत माणसाला माफी द्यायला मुद्रा लागते. ती नाही. म्हणजे डिटविन परत बुरुजात. आणि आपण मेलेले असाल, तर तो देवाचा चमत्कार. डिटविन मोकळा."

"मेलेलाच राहिलो तर मला परत निवडणार कसं?"

"तीच तर अडचण आहे, महाराज."

मी बराच वेळ विचार केला. स्वयंपाकघर आठवलं. शेपू आठवला. पांढरा पाव, उबदार बिछाना, हाताचं चुंबन घेणारी माणसं. खरं सांगतो, मला हे सगळं हवं होतं. पण डिटविनने टोपी काढली होती, ते डोळ्यांपुढून जाईना.

"मी मेलो," मी म्हणालो.

फोल्कमार इतका आनंदलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने माझ्या दोन्ही हातांची चुंबनं घेतली. माझा त्याग त्याला समजला, एवढं समाधान आहे.

जाता जाता दारातल्या साधूचं काय करायचं, हा प्रश्न होता. हानो खाटकाकडे जाऊन आला. साधूने बरणी उजेडाकडे धरून पाहिली आणि भक्तीने म्हणाला, "केवढं मोठं काळीज!"

डुकराचं होतं.

मार्टिनचा सण

जवाची पेज. रात्री हंसाची मान, कारण बाकीचा हंस घरच्यांचा.

मी चक्कीवर आहे. दुसरीकडे कुठे जाणार होतो? दारात उभा राहिलो, काम आहे का विचारलं. मेख्टिल्डने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या पोटाशी नजर थोडी थांबली. मग म्हणाली, "मेल्या, पोती उचलता येतात का?"

"शिकीन," मी म्हणालो.

"तर मग आत ये. दार लाव, वारा येतोय."

पुतण्या आन्सेल्म बिशप झाला. टोप आता कानांना बरोबर बसतो म्हणे.

कॅथरिनचा दिवस

पेज. पाठ मोडली आहे. दिवसभर वाकतो.

डिटविन भला माणूस आहे, पण मला ओळखत नाही आणि बोलणं थांबवत नाही. पोतं चुकीच्या जागी ठेवलं की म्हणतो, "अरे, त्या बिशपांचं बघून शीक जरा! मेल्यावरसुद्धा दुसऱ्याच्या उपयोगी पडले. तू जिवंतपणी पडत नाहीस." मग बरगडीवर हात ठेवून डोळे मिटतो. ती अजून दुखते, आणि दुखते म्हणून त्याला धन्य वाटतं.

एबरहागला माझ्या काळजाने एका आंधळ्याला दृष्टी आली. लंगडे तर रोज बरे होतात.

सर्व मृतांचा दिवस, पुढल्या वर्षीचा

वर्षभर लिहिलं नाही. पेजेबद्दल काय लिहिणार?

चमत्काराची चक्की म्हणून आन्सेल्मने डिटविनला वर्षाकाठी एक वाम धरायची परवानगी दिली आहे. आज मृतांसाठी ताट वाढतात, ती वाम त्यासाठी. डिटविनने सकाळी धरली, मेख्टिल्डने शिजवली. शेपू घालून. मी मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो, वास आला आणि कुऱ्हाड हातातून सुटली.

डिटविनने ताट खिडकीत ठेवलं. मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाला, "याला हात लावायचा नाही. ही बिशपच्या वाटणीची आहे."

"बरं," मी म्हणालो.

"दरवर्षी मांजरच खाणार, मला माहीत आहे. पण वाढायचं आपण. तो खाईल न खाईल."

ते दोघे कॅथेड्रलला माझ्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेले. मी ताटासमोर बसून राहिलो. देवाची शपथ, मी खूप वेळ बसून राहिलो. मग विचार केला, ही कोणाच्या नावाने वाढली आहे? आणि तो आज जेवला नाही तर त्या माणसाला किती वाईट वाटेल?

खाल्ली. काटे चोखून खाल्ली. एवढी चवदार वाम मी बिशप असताना कधी खाल्ली नव्हती, आणि खाताना कधी रडलोही नव्हतो.

डिटविन परत आला. रिकामं ताट पाहिलं, टोपी काढली आणि खिडकीपाशी गुडघे टेकले. "आले होते गं," तो म्हणाला. "मेख्टिल्ड, जेवून गेले."

मेख्टिल्डने आधी ताटाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात बसलेल्या मांजराकडे, मग माझ्याकडे. ती जवळ आली आणि पदराच्या टोकाने माझ्या हनुवटीवरचा शेपू पुसला.

"हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पोटभर जेवले."